निवृत्तीनंतरचे घर निवडताय? आधी विचारा, 'अंथरुणाला खिळलो तर इथे राहता येईल का?'

बाग, वाचनालय, योगवर्ग, दोन वेळचं घरगुती जेवण. ज्येष्ठांसाठीच्या गृहसंकुलांच्या जाहिरातींत हे सगळं दिसतं आणि ते खरंही असतं. पण ६८व्या वर्षी धडधाकट असताना घेतलेल्या घरात ८२व्या वर्षी, पाय मोडल्यावर किंवा विसराळूपणा वाढल्यावर काय होणार, हे जाहिरातीत नसतं. निवड करताना सर्वात महत्त्वाचा प्रश्न तोच आहे.

२०११च्या जनगणनेनुसार भारतात साठी ओलांडलेले लोक १० कोटींहून अधिक होते. मुलं परगावी किंवा परदेशी आणि आईवडील एकटे, हे चित्र महाराष्ट्रातल्या शहरांत आता नवीन राहिलेलं नाही. पुण्यात आणि आसपास ज्येष्ठांसाठीची अनेक संकुलं उभी राहिली, त्यामागे हेही एक कारण आहे. मात्र या सगळ्या जागा एकसारख्या नसतात.

काळजीचे चार टप्पे

१. स्वतंत्र राहणी: स्वतःचा फ्लॅट, स्वतःचं वेळापत्रक. जेवण, साफसफाई आणि सुरक्षा संस्थेकडे.

२. मदतीसह राहणी: आंघोळ, कपडे घालणं, शौचालयात जाणं, पलंगावरून उठणं, मलमूत्रावर नियंत्रण आणि स्वतःच्या हाताने जेवणं ही रोजची सहा कामं डॉक्टर तपासतात. यातल्या एक-दोन कामांना मदत लागू लागली की हा टप्पा सुरू झाला असं समजा.

३. परिचर्या: अंथरुणाला खिळलेल्या, नळीवाटे अन्न किंवा सतत ऑक्सिजन लागणाऱ्या व्यक्तीसाठी चोवीस तास प्रशिक्षित नर्स.

४. स्मृतिभ्रंशाची काळजी: रुग्ण बाहेर निघून जाऊ नये अशी सुरक्षित जागा आणि त्याच्याशी कसं वागायचं हे शिकलेले कर्मचारी.

हे सगळे टप्पे एकाच आवारात मिळत असतील, तर त्याला 'सलग काळजी' म्हणतात. अमेरिकेत अशा संकुलांची जुनी परंपरा आहे. तिथे सुरुवातीला मोठी प्रवेश फी आणि नंतर मासिक शुल्क घेतात, आणि पुढची काळजी त्यात किती धरली आहे यावरून करारांचे प्रकार ठरतात. आपल्याकडे बरीच संकुलं पहिल्या टप्प्यापुरतीच असतात. पुढची गरज पडली की 'ब्युरोची बाई ठेवा' एवढंच उत्तर मिळतं. त्यात चूक काही नाही, पण ते घर घेण्यापूर्वी कळायला हवं.

जोडप्यांच्या बाबतीत तर हा प्रश्न अधिकच नाजूक होतो. दोघं एकाच वेळी, एकाच वेगाने म्हातारी होत नाहीत. काकांना परिचर्या विभागात हलवलं तर काकू त्याच आवारात राहतील का? रोज चालत भेटायला जाता येईल का? मासिक शुल्क दोन्हीकडे पूर्ण भरावं लागेल का? याची उत्तरं लेखी घ्या.

करारात काय वाचायचं?

घर मिळण्याचे साधारण तीन मार्ग आहेत.

- विकत घेणे: फ्लॅट तुमच्या नावावर होतो. प्रकल्प नवीन असेल तर महारेराची नोंदणी तपासा. रेरा कायद्यानुसार नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. अनेक ठिकाणी राहण्यासाठी ५५ किंवा ६० वर्षांची अट असते. अशा वेळी घर वारशाने मुलांना मिळेल, पण त्यांना तिथे राहता येणार नाही.
- डिपॉझिट भरून राहणे: ठेव केव्हा परत मिळणार, त्यातून किती रक्कम कापणार आणि मृत्यूनंतर ती कोणाला, किती दिवसांत मिळणार हे पाहा.
- मासिक भाडे: बाहेर पडणं सोपं, पण भाडं वाढण्याचा धोका. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवणं बंधनकारक आहे.

भाड्याने राहणाऱ्याला रेरा कायदा 'ग्राहक' मानत नाही. त्यामुळे तिसऱ्या मार्गात, आणि मालकी मिळत नसेल तर दुसऱ्या मार्गातही, करारातला शब्द हाच तुमचा मुख्य आधार असतो.

करारात एक कलम शोधून काढाच: कोणत्या परिस्थितीत संस्था तुम्हाला जागा सोडायला सांगू शकते? 'वैद्यकीयदृष्ट्या अयोग्य ठरल्यास' असं मोघम लिहिलेलं असेल, तर ते कोण ठरवणार, किती दिवसांची नोटीस मिळणार आणि कुठे हलवणार, हे स्पष्ट करून घ्या.

पैशाचं गणित

समजा आज मासिक शुल्क ४०,००० रुपये आहे आणि ते दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढतं. नऊ वर्षांत ते ८०,००० होईल. पुढच्या टप्प्याच्या काळजीचा खर्च त्यात धरलेलाच नाही. आता मिळकत पाहा. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत जास्तीत जास्त ३० लाख रुपये ठेवता येतात. ८.२ टक्के दराने त्याचे महिन्याला सरासरी २०,५०० रुपये होतात आणि हा आकडा पाच वर्षं तेवढाच राहतो. शुल्क वाढत जातं, व्याज वाढत नाही. म्हणून वाढीची कमाल मर्यादा करारात आहे का ते विचारा.

मेडिक्लेमवर विसंबू नका. नेहमीचा आरोग्य विमा रुग्णालयातल्या उपचारांचा खर्च देतो. आंघोळ घालणाऱ्या, भरवणाऱ्या व्यक्तीचा पगार देत नाही. ७० वर्षांवरील सर्वांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून मिळणारं आयुष्मान भारतचं ५ लाखांचं संरक्षणही रुग्णालयातल्या उपचारांसाठीच आहे.

जागा पाहायला जाताना

महारेराने २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी मार्गदर्शक तत्त्वं दिली. व्हीलचेअर जाईल अशी लिफ्ट, किमान ९०० मिलिमीटर रुंदीचे दरवाजे, जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडे, बाथरूममध्ये धरायच्या दांड्या आणि न घसरणाऱ्या फरशा अशा गोष्टी त्यात आहेत. सोबत मोजपट्टी न्या.

बाकीचं डोळ्यांनी पाहा:

- रविवारी संध्याकाळी किंवा रात्री आठनंतर जा. त्या वेळी किती कर्मचारी हजर आहेत ते मोजा.
- नमुना फ्लॅट नको, परिचर्या विभाग दाखवायला सांगा. तो 'लवकरच होणार' असेल, तर आज तो नाही असंच धरा.
- रुग्णवाहिका आवारात उभी असते की बोलवावी लागते? जवळचं मोठं रुग्णालय किती मिनिटांवर आहे?
- दात नसलेल्यांना, मधुमेह्यांना वेगळं काय वाढतात?
- ऑफिसातल्या माणसाशिवाय दोन-तीन रहिवाशांशी बोला. गेल्या वर्षी कोण आजारी पडलं आणि मग काय झालं, हे विचारा.
- शक्य असेल तर १५ दिवस राहून पाहा.

जाण्यापूर्वी ही कागदपत्रं करा

आपल्या कायद्यात मुखत्यारपत्र करून देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की ते संपतं. म्हणजे स्मृतिभ्रंश झाल्यावर, नेमकी गरज असताना, ते उपयोगी पडत नाही. म्हणून संयुक्त बँक खाती, नामनिर्देशन आणि मृत्युपत्र आधीच करून ठेवा. कोणते उपचार नकोत हे सांगणारं वैद्यकीय इच्छापत्रही करता येतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली असून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे आहेत.

राहतं घर घाईने विकू नका. मुलांच्या नावे करणार असाल, तर 'आमचा सांभाळ करावा' ही अट दस्तात लिहा. ती मोडली गेल्यास २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली न्यायाधिकरणाकडे हस्तांतरण रद्द करण्याची मागणी करता येते. तक्रार किंवा माहितीसाठी ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ आहे.

हा निर्णय हातपाय चालत असताना, आईबाबांनी स्वतः घ्यायचा आहे. हॉस्पिटलमधून डिस्चार्ज मिळायच्या आदल्या रात्री मुलांनी फोनवरून शोधलेली जागा ही निवड नसते, नाइलाज असतो.