भयानक रस आणि बालवाचक : एका कथामालेचा इतिहास

अमेरिकेत शरद ऋतूत, ३१ ऑक्टोबरच्या हॅलोविनच्या सुमारास, मुलांना भुताच्या गोष्टी सांगण्याची प्रथा आहे. अ‍ॅल्विन श्वार्ट्झ यांच्या ‘स्केअरी स्टोरीज टु टेल इन द डार्क’ (१९८१) या संग्रहाने अशा मौखिक कथांना मुद्रित रूप दिले. १९८४ व १९९१ मध्ये त्याचे आणखी दोन भाग निघाले. कथा लोकसाहित्यातून घेतलेल्या असून अखेरीस आधारांच्या टिपा आहेत. काही कथा तर प्रयोगसंहिताच होत. ‘द बिग टो’च्या शेवटी, सांगणाऱ्याने शेजारच्या श्रोत्यावर एकाएकी झडप घालावी, अशी सूचना आढळते.

अंधार आणि निवेदकाचा आवाज हे या कथांचे उद्दीपन विभाव. मुद्रित पानावर ते लोपतात. त्यांची जागा स्टीफन गॅमेल यांच्या विरघळत्या, ओघळत्या आकृतींनी घेतली. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या नोंदींनुसार १९९०-९९ या दशकात सर्वाधिक आक्षेप याच मालेवर घेतले गेले. पुढे प्रकाशकाने ब्रेट हेल्क्विस्ट यांची सौम्य चित्रे घातली. या कथांवर वाढलेले वाचक नाराज झाले आणि २०१७ मध्ये गॅमेल यांची चित्रे परतली.

कथा त्याच असूनही वाचकांना पुस्तक निराळे वाटले, ही बाब समीक्षेच्या दृष्टीने मोलाची आहे. बालसाहित्यातील चित्र ही शब्दांची सजावट नसून रसनिष्पत्तीचा घटक असते. ते बदलणे म्हणजे संहितेचेच संपादन. आणि मुलांनी किती भ्यावे, याचा निर्णय त्यात मुलांना न विचारता घेतला जातो.