लाल पट्ट्यातला जरगून

भोरहून वरंधा घाटाने महाडकडे उतरताना काळ्या कातळात मध्येच विटकरी लाल पट्टा दिसतो. एक लाव्हा थंड झाल्यावर पुढचा येईपर्यंत मधल्या काळात तयार झालेली ती माती. वेल्ह्याचे डोंगरही असेच थरावर थर चढून उभे राहिले.

ही माती कुठली? बरीचशी खालच्या कातळाचीच झीज. पण सह्याद्रीतल्या अशा काही पट्ट्यांत झिरकॉनचे बारीक कण सापडले. आपल्या बेसाल्टात ते सहसा तयार होत नाहीत. म्हणजे ते वेगळ्या प्रकारच्या ज्वालामुखीची राख होऊन वाऱ्यावर आले. झिरकॉन घडताना युरेनियम आत घेतो, शिसे जवळजवळ घेत नाही. पुढे त्या युरेनियमचे हळूहळू शिसे होते. दोन्हींच्या प्रमाणावरून कणाचे वय निघते. ब्लेअर शोएन आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये 'सायन्स' नियतकालिकात ही वये मांडली: सुमारे 6.6 कोटी वर्षे. इथल्या कातळाची जन्मतारीख अशी बाहेरून आलेल्या कणांनी सांगितली.

उर्दू शिकवताना मी मुलांना सांगतो, झिरकॉन या शब्दाचे मूळ फारसी 'जरगून', म्हणजे सोनेरी. 'जर' म्हणजे सोने. पैठणीची जरी त्याच घरातली. ती काढून टाकली तर पैठणी उरेल का?

मला अनेकदा विचारतात, "सर, तुम्ही मूळचे कुठले?"

"भोरचा."

"नाही, त्याच्या आधी?"

आता मी त्यांना वरंध्याचा लाल पट्टा बघून यायला सांगतो.