निळ्या ज्योतीचा न दिसणारा धूर

चूल गेली, गॅस आला आणि आपल्या आज्या धुरातून सुटल्या. तेव्हापासून निळी ज्योत म्हणजे स्वच्छ, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. लॉस एंजेलिसला मात्र हा समज महागात पडला.

१९४३च्या जुलैत या शहरावर डोळे चुरचुरवणारं धुरकं उतरलं. युद्धाचे दिवस, जपानने विषारी वायू सोडला की काय, अशी शंका लोकांना आली. मग संशय गेला कृत्रिम रबरासाठी ब्युटाडाइन बनवणाऱ्या कारखान्यावर. तो बंद करूनही धुरकं येतच राहिलं.

छडा लागला तो अननसामुळे म्हणा ना! कॅलटेकमधले आरी हागेन-स्मिट (मूळचे डच, म्हणजे आपल्यासारखेच बाहेरून आलेले) अननसाचा वास कशाकशाचा बनतो ते शोधत होते. तीच पद्धत वापरून त्यांनी शहराची हवा गोठवून तपासली. १९५०च्या सुमारास उलगडलं, की पेट्रोलची न जळलेली वाफ आणि नायट्रोजन ऑक्साइड यांच्यावर ऊन पडलं की ओझोन तयार होतो.

आता गंमत पाहा. वीजकेंद्रात तेलाऐवजी गॅस जाळला की काजळी आणि गंधक जवळजवळ जातं. नायट्रोजन ऑक्साइड मात्र उरतं, कारण ते गॅसमधून येतच नाही. ते येतं ज्वलनासाठी घेतलेल्या हवेतून! साधारण १५०० अंश सेल्सिअसच्या वर हवेतल्या नायट्रोजनची घट्ट जोडी फुटू लागते. ही साखळी सोव्हिएत शास्त्रज्ञ याकोव झेल्दोविच यांनी १९४०च्या दशकातच मांडली होती. तुमच्या शेगडीवरही थोडंफार हेच घडतं; स्वयंपाक करताना पंखा लावत जा.

अभियंत्यांना तर तापट ज्योतीचाच अभिमान. पण १९५०च्या दशकाच्या अखेरीस सदर्न कॅलिफोर्निया एडिसन आणि बॅबकॉक अँड विल्कॉक्स यांनी उलटी चाल केली. बर्नरला मुद्दाम कमी हवा द्यायची, ज्योत अर्धपोटी ठेवायची. उरलेली हवा वरून, ती जरा निवल्यावर. नायट्रोजन ऑक्साइड बरंच घटलं. पुढे धुराड्याकडे जाणारा वायू थोडा परत ज्योतीत सोडायची युक्ती आली.

गॅस टर्बाइनमध्ये आधी पाणी किंवा वाफ फवारत. नंतर गॅस आणि भरपूर हवा आधीच एकजीव करून जाळायची पद्धत रुळली. अशी विरळ ज्योत थंड राहते खरी, पण विझायला टेकलेली असते. ती थरथरते, गुणगुणते आणि त्या गुणगुणण्याने जाड धातूचे भागही तडकू शकतात. आम्हा ज्वलनवाल्यांचा निम्मा वेळ ते ऐकण्यातच जातो.