दगडांची वर्तुळे आणि चुलीची राख



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण जुन्या वस्त्यांविषयी काही वाचावयास मिळाले की मी ते सोडीत नाही. त्यातलेच थोडेसे येथे सांगते.

नागपूरजवळ जुनापाणीच्या माळावर मोठमोठ्या दगडांची वर्तुळे आहेत. सुमारे अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीच्या लोकांच्या त्या समाध्या. विदर्भातील अशा वर्तुळांखाली लोखंडाची हत्यारे, मडकी, घोड्याची हाडे आणि तांब्याचे साज सापडले. पण समाधीवरून माणसाचे मरण कळते, जगणे कळत नाही. हे लोक घोड्यांवरून नुसते भटकत होते, की येथे संसार थाटून राहिले होते?

याचे उत्तर त्यांच्या वस्त्यांनी दिले. डॉ. शां. भा. देव यांनी 1968-69 साली टाकळघाट व खापा येथे उत्खनन केले. पुढे 1978 ते 1980 या काळात त्यांनी व डॉ. जामखेडकर यांनी पेंच नदीकाठी नाईकुंड खोदले. तेथे वस्ती निघाली, लोखंड गाळण्याची भट्टी निघाली, जळून काळे झालेले धान्याचे दाणेही मिळाले. अशा वस्त्यांत तांदूळसुद्धा आहे. धान पेरणारा कापणीपर्यंत जागा सोडीत नाही, हे आम्हां गोंदियाच्या बायकांना कोणी शिकवावयास नको.

सातासमुद्रापलीकडेही असेच झाले. नॉर्स दर्यावर्दी अटलांटिक ओलांडून अमेरिकेकडे गेल्याच्या कथा होत्या, पुरावा नव्हता. 1960 साली हेल्गे इंगस्टाड यांना न्यूफाउंडलंड बेटावर त्यांच्या घरांच्या खुणा आढळल्या. त्यांच्या पत्नी अॅन स्टीन यांनी ते उत्खनन चालविले. त्यात सूत कातण्याच्या चातीची दगडी चकती मिळाली. नॉर्स लोकांत कताई हे बायकांचे काम. म्हणजे तेथे बायकाही गेल्या होत्या! तेथील लाकूड 1021 साली तोडलेले आहे, असे 2021 मध्ये सिद्ध झाले.

तलवारीपेक्षा चात आणि चुलीची राख अधिक खरे बोलतात, ते असे.

आपला जिल्हा 1 मे 1999 पर्यंत भंडाऱ्यातच होता. त्या जुन्या जिल्ह्यातही तिलोता खैरी, पिंपळगाव येथे असे प्राचीन दगड असल्याची नोंद आहे. शेताच्या बांधाला किंवा घराच्या पायाला असा दगड उचलला, की एका घराची गोष्ट कायमची मिटते. म्हणून माझी एवढीच विनंती: नांगराला खापर लागले, माळावर दगडांचे रिंगण दिसले, तर घरच्या माणसांना हात लावू देऊ नका. तलाठ्याला, शाळेतल्या गुरुजींना कळवा. तेथे आपल्यासारखीच कोणी बाई भात शिजवीत बसली असेल.