तान्ह्या बाळाला खिडकीतले ऊन पुरते का?

"डॉक्टर, मालिश झाल्यावर बाळाला रोज खिडकीतल्या उन्हात ठेवतो. मग हे ड जीवनसत्त्वाचे थेंब कशाला?" हा प्रश्न मला बाळाच्या आईपेक्षा आजीकडून जास्त ऐकायला मिळतो. प्रश्न रास्त आहे. थोडक्यात उत्तर असे: बाळाला ड जीवनसत्त्व हवेच, पण खिडकीतल्या उन्हातून ते मिळत नाही. थेंब बंद करू नका.

ऊन नेमके काय करते?

उन्हातील अतिनील-बी किरण त्वचेवर पडले की शरीरात ड जीवनसत्त्व तयार होते. अन्नातले कॅल्शियम आतड्यातून शोषले जायला ते लागते. ते कमी पडले तर वाढती हाडे मऊ राहतात. यालाच आपण मुडदूस म्हणतो. १९१९ मध्ये बर्लिनचे डॉक्टर कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी अतिनील दिव्याच्या प्रकाशाने मुडदूस बरा होतो हे दाखवले. पण आज थेंब उपलब्ध असताना असा कोणताही दिवा घरी बाळावर वापरू नका. डोळ्यांना आणि त्वचेला इजा होऊ शकते.

मग खिडकीतले ऊन का चालत नाही?

• साध्या काचेतून उजेड आणि ऊब आत येते, पण अतिनील-बी किरण जवळजवळ सगळे अडतात.
• सकाळचे कोवळे ऊन तिरपे येते. त्यात हे किरण फारच कमी असतात. खूण सोपी आहे: तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा लांब असेल, तर त्या उन्हातून ड जीवनसत्त्व फारसे मिळत नाही.
• सावली आखूड होते तेव्हा किरण पुरेसे असतात, पण ते ऊन बाळाची त्वचा भाजू शकते. सहा महिन्यांपर्यंत बाळाला थेट कडक उन्हात ठेवू नये.

सकाळी बाळाला घेऊन गॅलरीत बसायला काहीच हरकत नाही. फक्त त्याला थेंबांचा पर्याय समजू नका.

थेंब किती द्यायचे?

आईचे दूध सर्वोत्तमच आहे, पण त्यात ड जीवनसत्त्व कमी असते. म्हणून जन्मानंतर लवकरच थेंब सुरू करून वर्षभर रोज ४०० युनिट देण्याचा सल्ला दिला जातो. अपुऱ्या दिवसांच्या किंवा पावडरचे दूध घेणाऱ्या बाळाचा डोस डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

इथे एक चूक महागात पडते. काही बाटल्यांत १ मिलीमध्ये ४०० युनिट असतात, तर काहींत ८००. बाटली बदलली की लेबल पुन्हा वाचा आणि तिच्यासोबत आलेला ड्रॉपरच वापरा. मोठ्यांची ६०,००० युनिटची पुडी बाळाला स्वतःहून कधीही देऊ नका. तिच्यात बाळाचा १५० दिवसांचा डोस असतो. ड जीवनसत्त्व जास्त झाले तर रक्तातले कॅल्शियम वाढते. मग उलट्या, बद्धकोष्ठता आणि सुस्ती येते, शिवाय मूत्रपिंडालाही धोका पोहोचतो.

डॉक्टरांकडे कधी जायचे?

• बाळाला झटके आले तर लगेच रुग्णालयात न्या. कॅल्शियम कमी झाल्यानेही झटके येतात.
• मनगटे जाड दिसणे, चालायला उशीर होणे, चालू लागल्यावर पाय वाकडे दिसणे.
• नवजात बाळाला कावीळ असेल तर उन्हात ठेवून वाट पाहू नका. रुग्णालयातला निळा प्रकाश अतिनील नसतो. तो मोजून दिलेला उपचार असतो. पहिल्या २४ तासांत दिसलेली कावीळ, पिवळे तळपाय किंवा दूध न ओढणारे बाळ, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी दाखवा.

घरी थेंबांची बाटली असेल तर आजच तिचे लेबल वाचा. शंका असल्यास पुढच्या लसीकरणाला जाताना ती सोबत न्या.