गहाण पेटीचा चढा भाव आणि जुन्नरच्या लेण्यांतली पावती

गेल्या वर्षी भीमजयंतीला पंधरा दिवस उरले होते. आंबेगाव तालुक्यातल्या आमच्या एका मंडळाची पोरं सेकंड हँड पेटी बघायला निघाली आणि मलाही सोबत घेतलं. दुकानावर पाटी जुन्या वस्तूंची. आपल्याकडे ‘गहाणाचे दुकान’ अशी पाटी कुणी लावत नाही. पुढे मिक्सर, शिलाई मशीन, मोबाईल. आत फळीवर दोन पेट्या, तीन ढोलक्या, एक कीबोर्ड आणि बँडमधला एक ट्रम्पेट. त्यातल्या दोन सुरांच्या पेटीचा भाव १४ हजार. आमच्याबरोबर आलेल्या पेटीमास्तरांनी सगळे खटके बंद करून भाता दाबला, तरी हवा निसटत होती. दोन पट्ट्या दाबल्या की वर येत नव्हत्या. त्यात थोडे पैसे घातले असते तर नवी साधी पेटी आली असती. पण दुकानदार ऐकेना. चैत्र आहे, आज नाही घेतली तर उद्या दुसरा घेईल, एवढंच त्याचं म्हणणं.

झाकण उघडलं तेव्हा आतल्या बाजूला निळ्या रंगात लिहिलेलं नाव पात्याने खरवडलेलं दिसलं. ‘गायन पार्टी’ एवढीच अक्षरं वाचता येत होती.

घासाघीस करून पोरांनी ती पेटी ११ हजारांना घेतली. मला मात्र ते खरवडलेलं नाव सोडेना. पेटीमास्तरांच्या ओळखीतून मूळ मालक सापडले. जुन्नर तालुक्यातले, साठीकडे झुकलेले, भीमगीतांच्या पार्टीत उभं आयुष्य गेलेले. आषाढात मुलीच्या कॉलेजच्या प्रवेशासाठी त्यांनी ही पेटी ४ हजारांना ठेवली होती. व्याज शेकडा पाच, महिन्याचं. पावती नाही. माघात सोडवायला गेले तेव्हा ‘मुदत संपली’ असं सांगून त्यांना परत पाठवलं होतं.

आता हिशेब करू. आषाढ ते चैत्र धरले नऊ महिने. शेकडा पाचच्या अवाच्या सवा दरानेही व्याज होतं १८०० रुपये. मुद्दल धरून ५८००. पेटी गेली ११ हजारांना. उरले ५२०० रुपये. ते कुणाचे?

आपल्या पोरांना विचारलं तर ती म्हणतात, दुकानदाराचे, धंदा आहे त्याचा. इथेच आपण फसतो. १८७२ च्या भारतीय करार कायद्यातलं कलम १७६ सांगतं की, कर्ज फिटलं नाही तर तारण घेणारा ती वस्तू विकू शकतो, पण आधी वाजवी नोटीस देऊनच. आणि विक्रीतून येणं फिटून जी रक्कम उरेल ती मूळ मालकाला परत द्यायची. पुढचं कलम १७७ सांगतं की, वस्तू प्रत्यक्ष विकली जाईपर्यंत मालक ती कधीही सोडवू शकतो. म्हणजे माघात ‘मुदत संपली’ म्हणणं खोटं होतं आणि चैत्रातले ५२०० रुपये त्या मास्तरांचे होते. जुन्या वाद्यांचे भाव चढे आहेत म्हणून आपण गिऱ्हाईक या नात्याने कुरकुरतो. पण तो चढा भाव ज्याच्या खिशातून आधी गेलेला असतो तो माणूस दुकानात हजरच नसतो. त्याचं नाव खरवडलेलं असतं.

हा भाव आषाढात पडतो आणि चैत्रात चढतो, त्याला कारण आहे. तमाशाचा हंगाम दसऱ्याला सुरू होतो आणि अक्षय तृतीयेच्या आसपास संपतो. चैत्रात गावोगावच्या जत्रा असतात, त्यातच १४ एप्रिल येते. नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात आणि गावकारभारी सुपाऱ्या द्यायला तिथे येतात. त्या दिवसांत ढोलकी, पेटी, हलगी, ट्रम्पेट, सगळ्याला मागणी. पावसाळ्यात काम शून्य आणि खर्च मात्र सगळे तेव्हाच: शाळा, प्रवेश, आजारपण, गळकं छप्पर. फडमालक सावकाराकडून घेतो, कलावंत फडमालकाकडून उचल घेतो, आणि उचल पुरली नाही की घरातलं वाद्य बाहेर पडतं. २०२० साली गुढीपाडवा २५ मार्चला होता आणि देशभराचं लॉकडाऊन त्याच दिवशी सुरू झालं. राहुट्यांच्या ऐन दिवसांत सुपाऱ्या बुडाल्या, कर्ज तसंच राहिलं.

वाद्य गहाण ठेवणं हे दागिना गहाण ठेवण्यासारखं नाही. सोनं तिजोरीत वर्षभर राहिलं तरी सोनंच राहतं. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेला पाऊस कसा असतो ते आपल्याला ठाऊक आहे. ओलीत पेटीचे सूर बिघडतात, भात्याला उंदीर लागतात. न वाजवता पडलेल्या ढोलकीची पुडी सैल होते, शाई उडते. आणि मुख्य म्हणजे दागिना गेला तरी हात कमावते राहतात. पेटी गेली की कमाईच बंद. मग सोडवायचं कशाने?

इथे मला बाबासाहेबांच्या लहानपणची गोष्ट आठवते. भीमाला पुस्तकं हवी असत आणि रामजींच्या हातात पैसे नसत. तेव्हा ते लग्न झालेल्या मुलींकडे जात, दागिना मागून घेत, तो गहाण ठेवत आणि पेन्शन आली की सोडवून परत देत. ही गोष्ट आपण त्यागाची म्हणून सांगतो, ती आहेच. पण तिच्यात अर्थशास्त्रही आहे. दागिना सुटत होता, कारण सुभेदारांना पलटणीची पेन्शन होती. ठरलेल्या तारखेला येणारा पैसा होता. आमच्या मास्तरांना तो नाही.

पुढे १९१८ साली बाबासाहेबांनी भारतातल्या लहान शेतजमिनींवर जो निबंध लिहिला त्याचा गाभा हाच आहे. तेव्हाचे शहाणे म्हणत होते, तुकडे लहान आहेत म्हणून शेती परवडत नाही. बाबासाहेब म्हणाले, नुसत्या क्षेत्रफळावरून काही ठरत नाही. जमिनीच्या जोडीला बैल, अवजारं, भांडवल किती यावर ती किफायतशीर ठरते. अवजारं नसतील तर लहान तुकडासुद्धा मोठाच पडतो. हाच विचार कलेला लावून बघा. आपल्याकडे गळा आहे, ताल आहे, लिहिणारे शाहीर आहेत. अवजार नाही.

आणि ते का नाही, याला इतिहास आहे. गावगाड्यात मांगाने हलगी-डफडं वाजवायचं ते काम म्हणून नव्हे, जातीचं कर्तव्य म्हणून. लग्न पाटलाचं, वाजवायचं आपण, उभं राहायचं मांडवाबाहेर आणि मोबदल्यात शिळं-उरलेलं. त्या व्यवस्थेत वाद्य हे वाजवणाऱ्याचं भांडवल नव्हतं, त्याच्या जातीची खूण होती. भांडवल साठायची सोयच नव्हती. आंबेडकरी जलशाने हे उलटं केलं. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांसारखे शाहीर तीच ढोलकी, तेच तुणतुणं घेऊन उभे राहिले, पण मांडवाबाहेर नाही. पुढे वामनदादा गावोगाव गेले. वाद्य तेच, मालकी बदलली. ज्या दिवशी वाजवायचं की नाही हे वाजवणारा ठरवू लागला, त्या दिवशी ते वाद्य त्याचं झालं. ते गहाण पडतं तेव्हा नेमकी हीच मालकी जाते.

काही साथी म्हणतील, तमाशाचं कौतुक आपल्याला कशाला? पठ्ठे बापूरावांनी महाडच्या सत्याग्रहासाठी तमाशातले पैसे देऊ केले तेव्हा बाबासाहेबांनी ते नाकारले होते. बरोबर. पण त्यांचा आक्षेप महार स्त्रीला नाचवून मिळवलेल्या पैशाला होता, ढोलकीला नव्हता. आणि तमाशातल्या कलावंतिणींचं काय झालं हे नारायणगावला वेगळं सांगायला नको. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला आणि २००२ साली त्या गेल्या तेव्हा औषधपाण्यालाही लोकांच्या मदतीकडे बघावं लागत होतं. आता त्यांच्या नावाने सरकार जीवनगौरव पुरस्कार देतं. सन्मानाला आपल्याकडे तोटा नाही.

कायद्याचं म्हणाल तर कर्जदाराला वाचवायची भाषा जुनी आहे. १८७५ साली सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले, त्यातून १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा कायदा आला. तो शेतकऱ्यांपुरता. ज्याचं पोट शेतीवर नाही त्याला त्यात जागा नव्हती. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० सांगतं की, कोर्टाच्या जप्तीत कारागिराची हत्यारं उचलता येत नाहीत. छान. पण आमचे लोक कोर्टापर्यंत जातच नाहीत, हत्यार स्वतःच्या हाताने नेऊन देतात. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याने परवाना, पावती, हिशेब सक्तीचा केला. त्याखाली शासनाने दर ठरवले: शेतकऱ्याला तारणावर वर्षाला ९ टक्के आणि विनातारण १२, इतरांना १५ आणि १८. आमच्या मास्तरांना तारणावर १५ टक्के लागायला हवे होते, म्हणजे नऊ महिन्यांचे ४५० रुपये. आकारले १८००. आणि सावकार म्हटलं की एका विशिष्ट जातीकडे बोट दाखवायची सवय आता सोडावी लागेल. आमच्या दोन तालुक्यांत शेकडा पाच, शेकडा दहाने फिरवणारे सगळ्या जातींचे आहेत, आपलेही आहेत, आणि त्यातले काही जयंतीच्या पावतीपुस्तकात मोठे देणगीदार म्हणून झळकतात.

आता जुन्नरकडे वळतो, कारण या प्रश्नाचं एक जुनं उत्तर तिथल्या डोंगरांत कोरलेलं आहे. लेण्याद्री, मानमोडी, शिवनेरी, तुळजा. सहलीला जाऊन आपण तिथे फोटो काढतो. जरा शिलालेख वाचू. धान्याचा व्यापार करणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याची पोढी दान दिल्याचा लेख जुन्नरला आहे. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे धर्मकार्यासाठी पैसा ठेवल्याचा लेख आहे. श्रेणी म्हणजे एका व्यवसायातल्या लोकांची संघटना. बांबू चिरणारे आणि भांडी घडवणारे लोक संघटना म्हणून इतके विश्वासाचे होते की, त्यांच्याकडे ठेव ठेवली जात होती. आज बुरूडकाम करणाऱ्याकडे कोण ठेव ठेवेल? उलट त्याचीच कोयती कुठेतरी ठेवलेली असते.

याच मुलखावर राज्य करणाऱ्या नहपानाचा जावई उषवदात. नाशिकच्या लेण्यांत त्याचा लेख आहे. त्याने भिक्खूंच्या चीवरादी गरजांसाठी ३००० कार्षापण विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले: २००० महिना शेकडा एकने, १००० महिना शेकडा पाऊणने. मुद्दल कायम ठेवायचं, व्याज तेवढं वापरायचं. याला तिथे अक्षयनीवी म्हटलं आहे. वर्षाचा हिशेब केला तर दर येतात १२ टक्के आणि ९ टक्के. शासनाने शेतकऱ्यांसाठी ठरवलेले दोन आकडे हेच. योगायोग आहे, त्यावर इमला बांधायला नको. पण पुढचा तपशील योगायोग नाही. हा व्यवहार निगमसभेत जाहीर केला आणि फलकावर नोंदवला, असं लेख स्वतः सांगतो. म्हणजे पावती होती, ती सगळ्यांसमोर वाचली गेली होती आणि आजही भिंतीवर आहे.

त्या काळाचं सोनं करायचं नाही मला. ते व्याजसुद्धा विणकरांच्या कष्टातूनच निघत होतं, आणि क्षत्रपांचं राज्य काही समतेचं नव्हतं. पण फरक बघा. तेव्हा कारागीर एकटा नव्हता, श्रेणी म्हणून उभा होता. म्हणून पैसा त्याच्याकडे चालत येत होता. आज कलावंत एकटा दुकानात जातो.

जयंतीच्या खर्चाचं पान उघडा. एका रात्रीच्या डीजेला जी रक्कम जाते त्यात दोन-तीन पेट्या आणि ढोलक्यांची जोडी येईल आणि वर काही उरेल. डीजे वाजतो तो ज्यांची गाणी लावून, त्यांच्या वाद्यांवर त्याच आठवड्यात व्याज चढत असतं. विहारात एक कपाट, त्यात मंडळाची वाद्यं, आणि शेजारी पावसाळ्यात कलावंताला महिना शेकडा एकने द्यायला एक छोटी अक्षयनीवी, जिचा हिशेब बुद्धवंदनेनंतर सगळ्यांसमोर वाचला जाईल. हे मी मंडळात मांडलं तेव्हा एक पोरगा म्हणाला, सर, मग मिरवणुकीला मजा काय? त्याचं उत्तर माझ्याकडे अजून नीट नाही. सबंध वर्ष राबणाऱ्या पोराला एक रात्र नाचावंसं वाटतं, त्याला नुसतं प्रबोधन सांगून भागत नाही.

आणि ते ५२०० रुपये? मी मास्तरांना म्हणालो, तालुक्याच्या सहाय्यक निबंधकांकडे अर्ज करू, मी सोबत येतो. विनापरवाना सावकारीची चौकशी त्यांच्याकडेच असते. मास्तरांनी नकार दिला. पुन्हा आषाढ येणार, पुन्हा त्याच दारात जायचं, हे त्यांचं कारण. जयंतीला मात्र ते आले, मंडळाने घेतलेल्या त्या पेटीवर बसले आणि वाजवायच्या आधी अर्धा तास पाचकशीने अडकलेल्या पट्ट्या मोकळ्या करत राहिले. खरवडलेल्या नावाबद्दल काही बोलले नाहीत.

आता आषाढ लागला आहे. मुलीच्या दुसऱ्या वर्षाची फी भरायची आहे आणि या वेळी त्यांच्याकडे गहाण ठेवायला पेटीही नाही. रविवारी वंदनेनंतर मंडळाची बैठक आहे. पहिला विषय तोच ठेवला आहे.