चौकटीबाहेर काय गेले?

१/ आडवे चित्र कापून दुसऱ्या चौकटीत बसवण्याची कथा मोबाइलच्याही आधीची आहे. १९५३ मध्ये ‘द रोब’ या चित्रपटाने सिनेमास्कोपचा विस्तीर्ण पडदा आणला. दूरचित्रवाणीची चौकट मात्र ४:३ एवढीच होती.

२/ त्यातून ‘पॅन अँड स्कॅन’ पद्धत रूढ झाली. प्रत्येक दृश्यातला कोणता भाग राखायचा, हे तंत्रज्ञ ठरवी. २.३५:१ प्रमाणातील चित्राचा सुमारे ४३ टक्के भाग गळून पडे. वुडी ॲलन यांनी ‘मॅनहॅटन’ला (१९७९) अशी कात्री लागू दिली नाही; त्याची व्हिडिओ आवृत्ती वर-खाली पट्ट्या ठेवून निघाली.

३/ २०२० मध्ये गूगलने ‘ऑटोफ्लिप’ हे मुक्तस्रोत साधन खुले केले. ते चेहरे व वस्तू ओळखते आणि चौकट स्थिर ठेवायची की सरकवायची, हे स्वतःच ठरवते. पूर्ण उंची राखून १६:९ चे ९:१६ केले, तर सुमारे ६८ टक्के चित्र जाते.

४/ इतिहासाच्या अभ्यासकाने येथे सावध व्हावे. जुन्या सभेच्या चित्रफितीत वक्त्याच्या चेहऱ्याइतकाच कडेचा फलक, श्रोते, रिकाम्या खुर्च्या हाही पुरावा असतो. उभ्या चित्रफितीवरून निष्कर्ष काढण्यापूर्वी मूळ आडवी शोधावी.